रोमिओ अँड ज्यूलिएट

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्या विख्यात इंग्रज नाटककाराची एक शोकात्मिका. तिचा लेखनकाल सर्वसाधारणपणे १५९४ ते १५९६ ह्या दरम्यानचा मानला जातो. ती प्रथम १५९७ मध्ये एका सदोष क्वार्टो प्रतीच्या रूपाने छापली गेली. १५९९ च्या दुसऱ्या क्वार्टोतील संहिता अधिक विस्तृत व विश्वसनीय असून आधुनिक संपादक मुख्यतः तिचाच आधार घेतात. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत, हे नाटक समाविष्ट आहे. दोन वैरी घराण्यांतील एक तरुण आणि एक अल्पवयीन मुलगी ह्यांचे प्रेम, गुप्त विवाह आणि मृत्यू हा नाटकाचा विषय. नायक-नायिका मरणार हे आरंभीच सांगून टाकूनही शेवटपर्यंत प्रेक्षकांची सहानुभूती त्यांच्याकडे ओढून ठेवणे, हे ह्या नाटकाच्या रचनेतील प्रमुख वैशिष्ट्य होय. ही सहानुभूती नाटककाराने कोणत्या साधनांनी निर्माण केली आणि तिचा रोख अखेर कोणाकडे वळविला, ह्या प्रश्नांच्या अनुषंगाने नाटकाचे मर्म अधिक स्पष्ट होते.

कथानक : इटलीतील व्हेरोना नगरात माँटेग्यू आणि कॅप्युलेट ह्या दोन प्रतिष्ठित घराण्यांत जुने वैर असते. रोझलाइन नावाच्या युवतीच्या प्रेमात झुरणारा रोमिओ माँटेग्यू वेषांतर करून कॅप्युलेटांच्या मेजवानीस जातो. तेथे त्याला ज्यूलिएट कॅप्युलेट दिसते आणि दोघे परस्परांवर अनुरक्त होतात. दुसऱ्याच दिवशी फ्रायर लॉरेन्स हा धर्मगुरू त्यांचा गुप्त विवाह लावून देतो. त्यानंतर लगेच ज्यूलिएटचा मामेभाऊ टिबल्ट रोमिओचा मित्र मर्क्यूशिओ ह्यास ठार करतो. संतप्त रोमिओ टिबल्टला मारतो आणि व्हेरोनाचा राजा एस्कलस त्याला हद्दपारीची शिक्षा देतो. इकडे ज्यूलिएटचा विवाह राजाचा आप्त पॅरिस ह्याच्याशी ठरविला जातो. तो टाळण्यासाठी ती फ्रायरने दिलेले, बेचाळीस तास मृतवत निद्रा आणणारे औषध घेते. ह्या बेताची माहिती देणारे पत्र रोमिओपर्यंत पोहोचत नाही. तिच्या मृत्यूची वार्ता मात्र पोहोचते. तो विष घेऊन तिच्या कुलाच्या थडग्यात येतो, तेथे आडव्या आलेल्या पॅरिसला मारतो आणि विषप्राशन करतो. जागी झालेली ज्यूलिएट त्याच्या खंजिराने प्राणत्याग करते. दोन्ही प्रेते पाहून घराण्यांचे वैर संपते.

मूळ कथा व शेक्सपिअरचे बदल : ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नव्हे. मासूत्चो सालेर्नितानो ह्याच्या १४७६ मधील कथासंग्रहात तिचे एक पूर्वरूप आढळते. लुईजी दा पोर्तो ह्याने सुमारे १५३० मध्ये ती व्हेरोनात आणून बसविली. मात्तेओ बांदेल्लो ह्याने १५५४ मध्ये ती पुन्हा सांगितली आणि बोएस्त्यूओ ह्याने १५५९ मध्ये तिचे फ्रेंच रूपांतर केले. त्यावरून आर्थर ब्रुक ह्याने द ट्रॅजिकल हिस्टरी ऑफ रोमिअस अँड ज्यूलिएट (१५६२) हे दीर्घ कथाकाव्य इंग्रजीत लिहिले. हेच शेक्सपिअरचे मुख्य आधारस्थान होय.

ब्रुकने वाचकांस उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेतील भूमिका कठोर आहे. आईबाप व आप्त ह्यांचा सल्ला झुगारून, बडबड्या दाया आणि अंधश्रद्ध भिक्षू ह्यांच्या नादी लागून, वासनेच्या आहारी गेलेल्या प्रेमिकांची दुर्गती वाचकांना दाखविणे हा आपला हेतू असल्याचे तो सांगतो. प्रत्यक्ष काव्यात त्याचे मन प्रेमिकांविषयी पुष्कळच हळवे झालेले दिसते. तथापि वाचकाला त्याने आरंभी बसविले आहे ते न्यायाधीशाच्या आसनावर. ह्या आसनावरून प्रेक्षकाला खाली उतरवणे हे शेक्सपिअरने साधलेले पहिले कार्य होय. त्यासाठी कथेत त्याने केलेले बदल थोडे, परंतु निर्णायक आहेत. ब्रुकच्या कथेत कित्येक महिने चालणाऱ्या घटना त्याने चार-पाच दिवसांत कोंबल्या. ब्रुकची ज्यूलिएट सोळा वर्षांच्या आसपासची आहे; शेक्सपिअरची ज्यूलिएट अद्याप चौदाही पूर्ण न झालेली आहे. ब्रुकच्या काव्यात केवळ ओझरता दिसणारा मर्क्यूशिओ नाटकात एक जिवंत, वाक्चतुर पात्र बनला. मेजवानीतील टिबल्टचा संताप, मर्क्यूशिओचा मृत्यू आणि थडग्यापाशी होणारा पॅरिसचा वध ही शेक्सपिअरची भर होय.

प्रास्ताविक आणि प्रेक्षकाचे ज्ञान : नाटकाचा आरंभ ‘कोरस’ म्हणजे निवेदक ह्याच्या तोंडच्या चौदा ओळींच्या सुनीताने होतो. दोन घराण्यांचे वैर, दुर्दैवी ग्रहांच्या छायेतील प्रेमिक, त्यांचा मृत्यू आणि त्या मृत्यूमुळे होणारा वैराचा शेवट, एवढे सारे त्यात सांगून टाकलेले आहे. ‘पुढे काय होणार’ ह्या कुतूहलाचा असा त्याग करण्यात नाटककाराचा तोटा दिसतो. पण त्यामुळे प्रेक्षक आणि पात्रे ह्यांच्यातील नातेच बदलून जाते. प्रेमिकांना जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यांच्या प्रत्येक आशेकडे तो त्या आशेचा शेवट जाणून पाहतो. मृत्यूची शिक्षा आधीच सुनावली गेलेली असल्यामुळे ती योग्य की अयोग्य हे ठरविण्याचे काम त्याच्याकडे उरत नाही. उरते ते फक्त साक्षीदाराचे काम. १६२३ च्या फोलिओत हे प्रास्ताविक छापलेले नाही. ते वगळून वाचले असता पहिले दोन अंक जवळजवळ सुखात्मिकेसारखे वाटतात. त्या दोन अंकांतील हास्याला एरवी लाभणारी व्याकुळतेची किनार ही बव्हंशी ह्या चौदा ओळींची देणगी आहे.

भारतीय रसविचाराच्या परिभाषेत हा परिणाम नेमकेपणाने सांगता येतो. भरताने विप्रलंभ शृंगार आणि करुण ह्यांतील भेद सांगताना विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे पुनर्मीलनाची आशा असलेला आणि करुण हा निरपेक्ष, म्हणजे ती आशा संपलेला, असे म्हटले आहे. रोमिओ आणि ज्यूलिएट नाटकभर विप्रलंभात वावरतात. ताटातूट झाली, तरी भेटीची आशा त्यांना सोडत नाही. प्रेक्षक मात्र पहिल्या चौदा ओळींपासूनच करुणाच्या भूमीवर उभा असतो. एकाच प्रसंगाकडे पात्रे एका भावाने आणि प्रेक्षक दुसऱ्या भावाने पाहत असल्यामुळे सहानुभूती निर्माण करण्यासाठी नाटककाराला शोकाचे प्रदर्शन करावे लागत नाही. प्रेमिक जितके आनंदी, तितका प्रेक्षक अधिक व्यथित होतो.

रोमिओ : नायकाविषयी प्रेक्षकाचे मत नाटककार प्रथम अनुकूल करून घेत नाही. पहिल्या अंकातील रोमिओ हा काहीसा हास्यास्पद तरुण आहे. रोझलाइन रंगभूमीवर कधीच येत नाही. तिच्या विरहाचे त्याने केलेले वर्णन पेत्रार्कच्या परंपरेतील ठरावीक विरोधाभासांनी भरलेले आहे. दिवसा खोलीत अंधार करून बसणे, मित्रांपासून दूर राहणे ही सारी त्या काळातील कवितेने शिकविलेली लक्षणे होत. बेनव्होलिओ आणि मर्क्यूशिओ त्याची थट्टा करतात व प्रेक्षकही त्यांच्याबरोबर हसतो. हे हसू पुढे उपयोगी पडते. ज्यूलिएटला पाहताच रोमिओची भाषा बदलते. त्या दोघांच्या पहिल्या संभाषणातील आरंभीच्या चौदा ओळी मिळून एक पूर्ण सुनीत तयार होते. यात्रेकरू आणि पवित्र मूर्ती ह्यांचे एकच रूपक दोघे मिळून पुढे नेतात. रोझलाइनवरचे प्रेम एकट्याचे भाषण होते, हे प्रेम दोघांचा संवाद आहे, हा फरक प्रेक्षकाच्या कानाला विवेचनावाचून कळतो. खोट्या नाण्याचा आवाज आधी ऐकविला असल्यामुळे खऱ्या नाण्याची खूण पटते. डेव्हिड गॅरिक ह्या अठराव्या शतकातील नटाने आपल्या रूपांतरातून पुढे रोझलाइनचे प्रकरण काढून टाकले. नायकाच्या चंचलतेचा डाग त्यामुळे पुसला गेला. पण त्याच्या भाषेत होणारे परिवर्तनही त्याबरोबर नाहीसे झाले.

ज्यूलिएट : ज्यूलिएटचा प्रवेश तिच्या आईच्या आणि दाईच्या सहवासात होतो. तेथे ती फार थोडे बोलते; बोलते ती दाई. ज्यूलिएटचे अंगावरचे दूध कधी तोडले, त्या दिवशी भूकंप कसा झाला, आदल्या दिवशी चालताना पडून तिच्या कपाळाला टेंगूळ कसे आले, ही दाईची अघळपघळ आठवण वरकरणी निव्वळ विनोदी आहे. तिच्यात ओघाओघाने दाईच्या स्वतःच्या मुलीचा उल्लेख येतो. ती ज्यूलिएटच्याच वयाची होती आणि बालपणीच वारली. ह्या बडबडीमुळे नायिका प्रेक्षकासमोर प्रथम येते ती कोणाच्या तरी अंगाखांद्यावर वाढलेले मूल म्हणून. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी येणाऱ्या लॅमस ह्या सणाच्या आदल्या रात्री तिला चौदा वर्षे पूर्ण व्हावयाची आहेत आणि त्याला पंधरवड्याहून थोडा अधिक अवधी आहे, असा हिशेब दाई करते. तो वाढदिवस येणार नाही, हे प्रेक्षकाला माहीत असते. नाटककार त्याचा पुन्हा उल्लेख करीत नाही.

रात्रीच्या खिडकीतील सुप्रसिद्ध प्रवेशात ज्यूलिएट आपण एकटीच आहोत अशा समजुतीने मन उघड करते. रोमिओ ते ऐकत असतो आणि प्रेक्षकही. संकोच, आढेवेढे, मानभावीपणा ह्या प्रेमाराधनेतील रीतींना तेथे वावच उरत नाही. आपले बोलणे ऐकले गेले हे कळल्यावर ती स्वतःच हे मान्य करते आणि सरळ विवाहाचा प्रश्न पुढे मांडते. त्याचबरोबर हा करार फार घाईचा, फार अविचारी, विजेसारखा क्षणिक आहे, अशी शंकाही तीच बोलून दाखविते. येथे नाटककाराचे कौशल्य विशेष जाणवते. प्रेमिकांवर जो आक्षेप ब्रुकने प्रस्तावनेत घेतला आणि जो कोणताही वडीलधारा प्रेक्षक घेईल, तो आक्षेप नायिकेनेच घेतलेला आहे. पुढे फ्रायर लॉरेन्सही घाईविरुद्ध बजावतो. आक्षेप नाटकातच मांडला गेल्यामुळे प्रेक्षकाला तो बाहेरून मांडण्याची आवश्यकता राहत नाही. प्रेमिकांचे दोष झाकून नव्हे, तर ते त्यांच्याच तोंडून वदवून शेक्सपिअरने प्रेक्षकाची सहानुभूती मिळविली आहे.

काळाची गती : प्रेमिकांची घाई हा त्यांचा दोष मानला, तर त्या घाईत सारे नगरच सामील आहे, हेही नाटकात दिसते. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी विवाह, त्यानंतर थोड्याच वेळात मर्क्यूशिओ आणि टिबल्ट ह्यांचे मृत्यू, त्याच रात्री पतिपत्नींची एकमेव भेट आणि मंगळवारी पहाटे कायमचा वियोग. ब्रुकच्या काव्यात विवाहानंतर प्रेमिकांना काही काळ गुप्त सहवास लाभतो, मग मारामारी होते. शेक्सपिअरने त्यांना अवघी एक रात्र दिली आणि तीही हद्दपारीच्या छायेत. ज्यूलिएटच्या पित्याचे वागणे ह्या संदर्भात लक्षणीय आहे. पहिल्या अंकात तो पॅरिसला दोन वर्षे थांबण्यास सांगतो आणि मुलीची संमती आवश्यक मानतो. टिबल्टच्या मृत्यूनंतर तोच मुलीला न विचारता तीन दिवसांवर लग्न ठरवितो व पुढे तो दिवसही एकाने अलीकडे आणतो. मुलीचे दुःख लवकर हलके व्हावे हा त्यामागील उद्देश असल्याचे पॅरिसच्या बोलण्यावरून समजते. तिच्या अश्रूंचे खरे कारण त्याला ठाऊक नसते. तरुणांच्या घाईला अननुभव हे कारण देता येते. वडिलांच्या घाईला तेवढेही कारण नाही.

आधारांचा ऱ्हास : नाटकाच्या पूर्वार्धात प्रेमिकांभोवती माणसांची वर्दळ आहे. रोमिओला मित्र आहेत, त्याची काळजी करणारे आईबाप आहेत, फ्रायर आहे. ज्यूलिएटला आई, वडील आणि दाई आहे. उत्तरार्धात हे आधार एकामागून एक काढून घेतले जातात. तिसऱ्या अंकाच्या आरंभी मर्क्यूशिओ मरतो आणि त्याच्याबरोबर नाटकातील हास्याचा मोठा झरा आटतो. तिसऱ्या अंकात त्याला मारले नसते, तर त्यानेच आपणास मारले असते, असे शेक्सपिअर म्हणाल्याची आख्यायिका जॉन ड्रायडनने नोंदविली आहे. परंतु ह्या मृत्यूची खरी गरज नाट्यरचनेची आहे. रोमिओ नुकताच टिबल्टचा आप्त झाला आहे. तो लढण्यास नकार देतो, दोघांच्या मध्ये पडतो आणि त्याच्याच हाताखालून मर्क्यूशिओवर घातक वार होतो. समेट करू पाहणारा हातच मृत्यूला वाट करून देतो. त्यानंतर रोमिओने घेतलेला सूड हा त्याचा अपराधच आहे आणि नाटककार तो लपवीत नाही. मात्र त्या क्षणी गप्प राहिलेल्या रोमिओला प्रेक्षकानेही भ्याड ठरविले असते, अशी परिस्थिती त्याने आधी उभी केलेली आहे. वैराच्या नगरात सभ्यपणाला भ्याडपणाशिवाय दुसरे नाव मिळत नाही.

ज्यूलिएटच्या बाबतीत हा ऱ्हास अधिक सावकाश व अधिक क्रूरपणे घडतो. रोमिओ पहाटे निघून जातो. त्याच प्रवेशात वडील तिला घराबाहेर काढण्याची धमकी देतात, आई बोलण्यासही नकार देते आणि जिच्याजवळ ती अखेरचा आधार मागते ती दाई पॅरिसशी लग्न करून मोकळी हो, असा व्यवहारी सल्ला देते. दाई दुष्ट नाही. तिला मुलीचे सुखच हवे आहे. पण प्रेम म्हणजे काय ह्याविषयी आपण दोघी एका भाषेत बोलत नव्हतो, हे ज्यूलिएटला त्या क्षणी उमगते. ती प्रथमच दाईपासून आपले मन लपविते. आरंभी जिच्या मांडीवरचे मूल म्हणून ती दिसली, तिच्यापासून येथे ती तुटते. चौथ्या अंकात औषध घेण्यापूर्वी ती आई आणि दाई ह्यांना खोलीबाहेर पाठविते, क्षणभर परत बोलवावेसे वाटूनही बोलवीत नाही. हे विष तर नसेल ना, थडग्यात वेळेआधी जाग आली तर काय, पूर्वजांची हाडे आणि टिबल्टचे ताजे प्रेत पाहून आपण वेड्या तर होणार नाही ना, ह्या एकामागून एक भीती मनात येत असताना ती औषध घेते. शौर्याची जाणीव करून देण्यासाठी भीतीचे इतके तपशीलवार चित्र रेखाटण्याची ही पद्धत परिणामकारक आहे.

ज्यूलिएट मृत समजून घरातील माणसे करीत असलेला आक्रोश मात्र शेक्सपिअरने मुद्दामच ठोकळेबाज आणि पुनरुक्तीने भरलेला ठेवलेला दिसतो. त्याच्या पाठोपाठ विवाहासाठी आलेल्या वादकांची थट्टामस्करी येते. ह्या प्रवेशाला अनेक समीक्षकांनी नाव ठेवले आहे. परंतु ज्यूलिएट जिवंत असल्याचे प्रेक्षकाला माहीत असते. येथे त्याचे अश्रू खर्ची पडले, तर शेवटच्या प्रवेशासाठी काही शिल्लक राहणार नाही. प्रेक्षकाची करुणा नाटककार येथे राखून ठेवतो.

योगायोगाचा प्रश्न : फ्रायर लॉरेन्सचे पत्र घेऊन निघालेला फ्रायर जॉन रोगाच्या साथीच्या संशयामुळे एका घरात कोंडला जातो व पत्र मँच्युआस पोहोचत नाही. इतक्या क्षुल्लक कारणाने होणारा अंत शोकात्मिकेच्या गांभीर्याला बाधक आहे, हा ह्या नाटकावरील सर्वांत जुना आक्षेप होय. ॲरिस्टॉटलप्रणीत शोकात्म प्रमाद रोमिओत शोधण्याचे प्रयत्न झाले, परंतु ते फारसे समाधानकारक ठरले नाहीत. ए. सी. ब्रॅड्ली ह्याने आपल्या शेक्सपिरिअन ट्रॅजिडी (१९०४) ह्या ग्रंथात विवेचनासाठी निवडलेल्या चार थोर शोकात्मिकांत हिचा अंतर्भाव केला नाही. एच. बी. चार्ल्टन ह्याने १९३९ मध्ये तिला प्रायोगिक शोकात्मिका म्हटले आणि दैव व वैर ह्या दोन्ही कल्पना अंताचे ओझे पेलण्यास अपुऱ्या पडतात, असे मत मांडले.

तार्किक दृष्टीने हा आक्षेप निरुत्तर करणारा वाटतो. तथापि रंगभूमीवर योगायोगाचे कार्य वेगळे आहे. पत्र पोहोचले नाही ह्यात प्रेमिकांचा काहीच दोष नाही. मोठा प्रमाद दाखविला असता, तर प्रेक्षकाच्या मनात शिक्षा आणि अपराध ह्यांचे प्रमाण पाहण्याची वृत्ती पुन्हा जागी झाली असती. शिवाय हा योगायोग निराधार नाही. उघडपणे बोलता येत नाही, म्हणून पत्र गुप्तपणे पाठवावे लागते. विवाह लपवावा लागतो, म्हणून औषधाचा बेत करावा लागतो. पत्र अडते ते साथीमुळे. परंतु साध्या निरोपावर दोन जीव अवलंबून राहावेत अशी स्थिती वैराने निर्माण केली आहे. ह्या वैराचे कारण शेक्सपिअरने कोठेच सांगितलेले नाही. कारण सांगितले असते, तर त्यात एक बाजू थोडीफार न्याय्य ठरली असती. पहिल्याच प्रवेशात नोकर भांडतात, मग तरुण लढू लागतात आणि शेवटी म्हातारे कुलप्रमुख तलवार मागतात. कॅप्युलेटला तलवारीऐवजी कुबडी मागा, असे त्याची बायको सुनावते. हे वैर हास्यास्पद आहे आणि म्हणूनच त्यापायी होणारे मृत्यू असह्य आहेत.

अखेरचा प्रवेश : थडग्यातील प्रवेशात प्रेक्षकाचे अधिक ज्ञान वेदनेच्या टोकाला नेले आहे. ज्यूलिएटच्या ओठांवरची व गालांवरची लाली अजून गेलेली नाही, हे रोमिओला दिसते व तो ते बोलूनही दाखवितो. त्याचा अर्थ मात्र त्याला कळत नाही, प्रेक्षकाला कळतो. रोमिओ विष घेतो आणि काही क्षणांतच फ्रायर येतो, ती जागी होते. दा पोर्तो आणि बांदेल्लो ह्यांच्या कथांत रोमिओ मरण्यापूर्वीच ज्यूलिएट जागी होते व दोघांचे अखेरचे बोलणे होते. बोएस्त्यूओ आणि ब्रुक ह्यांनी ही भेट काढून टाकली आणि शेक्सपिअर त्यांच्या मार्गाने गेला. टॉमस ऑटवे ह्याने सतराव्या शतकात केलेल्या रूपांतरात आणि गॅरिकने १७४८ मध्ये सादर केलेल्या प्रयोगात ही भेट पुन्हा आणली गेली. गॅरिकचा हा शेवट सुमारे शंभर वर्षे इंग्रजी रंगभूमीवर अतिशय लोकप्रिय होता. १८४५ मध्ये शार्लट कुशमन ह्या अमेरिकन नटीने स्वतः रोमिओची भूमिका करून लंडनमध्ये मूळ संहितेकडे परतण्याचा पायंडा पाडला. गॅरिकच्या शेवटात प्रेमिकांना एकमेकांचा निरोप घेता येतो आणि प्रेक्षकाला मनसोक्त रडता येते. शेक्सपिअरच्या शेवटात हे समाधानही नाही. तेथे दोघेही एकटेच मरतात आणि सारे सत्य एकट्या प्रेक्षकाजवळ राहते. दुसऱ्या पद्धतीत अश्रू कमी असतील, परंतु अस्वस्थता अधिक आहे.

ज्यूलिएटच्या मृत्यूनंतरही नाटक बरेच लांबते. पहारेकरी, राजा, आईबाप जमतात. फ्रायर सारी हकीकत पुन्हा सांगतो. प्रयोगांत हा भाग बहुधा कापला जातो, कारण त्यातील काहीच प्रेक्षकाला नवे नसते. परंतु नगराला ते सारे नवे असते. पाच अंक प्रेक्षकाने एकट्याने वाहिलेले ज्ञान येथे प्रथमच व्हेरोनाच्या हाती सोपविले जाते. ब्रुकच्या काव्यात दाईला हद्दपारी आणि विष देणाऱ्याला फाशी, अशा शिक्षांची वाटणी केलेली आहे. शेक्सपिअरचा राजा शिक्षा आणि क्षमा ह्यांचा निर्णय पुढे ढकलतो व वैराकडे डोळेझाक केल्याबद्दल स्वतःलाही दोष देतो. दोन्ही पिते हात मिळवितात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. समेट खरा आहे. पण पुतळा अधिक मोलाचा कोण उभारील, अशी चढाओढही त्यात किंचित ऐकू येते. जी मुले जिवंतपणी घरांना ओळखता आली नाहीत, ती सोन्यात घडविली जाणार आहेत. प्रेक्षकाची करुणा येथे प्रेमिकांवरून हळूच वडीलधाऱ्यांच्या जबाबदारीकडे वळविलेली आहे. सहानुभूतीला असे वळण मिळाल्यामुळेच हे नाटक केवळ एका दुर्दैवी प्रेमाची गोष्ट राहत नाही.

प्रतिमासृष्टी व समीक्षा : कॅरोलाइन स्पर्जन हिने शेक्सपिअर्स इमेजरी (१९३५) ह्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे ह्या नाटकात प्रकाशाच्या प्रतिमांचे प्राबल्य आहे. मशाल, तारे, वीज, पहाट ह्या प्रतिमांनी प्रेमिक परस्परांचे वर्णन करतात. हा प्रकाश नेहमी काळोखाच्या पार्श्वभूमीवर आणि बहुधा क्षणिक असतो. प्रत्यक्ष दिवस मात्र त्यांना प्रतिकूल आहे. मारामारी उन्हात होते, भेटी रात्री. उघड्या दिवसात जगण्याची मुभा नसलेल्या प्रेमाची ही प्रतिमासृष्टी सहानुभूतीच्या निर्मितीत मोलाची भर घालते.

प्रेमिकांविषयी नाटककार खरोखरच अनुकूल आहे काय, ह्याविषयी मतभेद आहेत. एफ्. एम्. डिकी ह्याने नॉट वाइजली बट टू वेल (१९५७) ह्या ग्रंथात एलिझाबेथकालीन नीतिविचारांच्या आधारे अनावर वासनेच्या परिणामांवर भर दिला. उलट कपेलिया कान हिच्यासारख्या स्त्रीवादी समीक्षकांनी घराण्यांचे वैर हे पितृसत्ताक व्यवस्थेचेच एक रूप असल्याचे प्रतिपादन केले. मुलांना हिंसेने पुरुषत्व सिद्ध करावयास लावणारी आणि मुलींना वडिलांच्या इच्छेने विवाह करावयास लावणारी व्यवस्था हीच प्रेमिकांच्या नाशाचे कारण होय, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या मताला फ्रायरच्या उपदेशांचा आधार आहे. परंतु उपदेश करणारा फ्रायर अखेरच्या क्षणी पहाऱ्याच्या आवाजाला भिऊन ज्यूलिएटला थडग्यात एकटी सोडून जातो, ह्या घटनेचा विचार त्या मताला करावा लागेल.

परंपरा : ह्या कथेने अन्य कलांनाही विषय पुरविला. बेर्लिओझची सिंफनी (१८३९), गूनोची संगीतिका (१८६७), चायकॉव्हस्कीची वाद्यवृंदरचना आणि प्रकॉफ्येव्हचा बॅले ह्या त्यांतील प्रसिद्ध कृती होत. वेस्ट साइड स्टोरी (१९५७) ह्या संगीत नाटकात ती न्यूयॉर्कच्या वस्तीतील तरुणांच्या टोळ्यांत आणली गेली. फ्रांको झेफिरेल्ली ह्याच्या १९६८ मधील चित्रपटात प्रमुख भूमिका खरोखरच कोवळ्या वयाच्या कलावंतांना दिल्यामुळे नाटकातील वयाच्या उल्लेखांचा परिणाम अनेकांना नव्याने जाणवला.

मराठीत एकोणिसाव्या शतकातच ना. बा. कानिटकर ह्यांनी शशिकला आणि रत्नपाल ह्या नावाने ह्या नाटकाचे रूपांतर केले. पुढील काळात मंगेश पाडगावकर ह्यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. नायक-नायिकांच्या अखेरच्या मीलनाची अपेक्षा बाळगणाऱ्या संस्कृत नाट्यपरंपरेवर वाढलेल्या रसिकाला हा शेवट सुरुवातीस परका वाटला असल्यास नवल नाही. परंतु कुलाचा अभिमान, मुलीच्या संमतीवाचून ठरणारा विवाह आणि वडीलधाऱ्यांना उशिरा येणारी जाग ह्या गोष्टी त्याला परक्या नव्हत्या. विप्रलंभ आणि करुण ह्यांतील अंतर एका न पोहोचलेल्या पत्राइतके अल्प असू शकते, ह्याचा प्रत्यय ही शोकात्मिका आजही देते.